ठशांपासून पट्ट्यांपर्यंत : भंडारा जिल्ह्यातील वाघ-नोंदीचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या जंगलांतील वाघांची नोंद ठेवण्याची रीत गेल्या पाच दशकांत मुळापासून बदलली. आधी पाणवठ्यावर मचाण बांधून आणि मातीतले ठसे काचेवर उतरवून मोजणी होत असे. मग जंगलवाटांवर स्वयंचलित कॅमेरे आले आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखला जाऊ लागला. त्यानंतर छायाचित्रांचे ढीग चाळण्याचे काम संगणकाने उचलले. या बदलात निवाड्याचा आधारही बदलला. पूर्वी कोणता ठसा कोणाचा हे नजरेने ठरवले जाई. आता 'कोणता वाघ' हे आधी पट्ट्यांवरून ठरते आणि संख्या त्यातून निघते.

जिल्हा आणि जंगल

नागझिरा अभयारण्य १९७० साली जाहीर झाले आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली. त्या वेळी दोन्ही भंडारा जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या जंगलांचा मोठा भाग गोंदियाकडे गेला आणि साकोली, लाखनी, भंडारा, पवनी, तुमसर या तालुक्यांतील जंगल भंडाऱ्याकडे राहिले. २०१२ मध्ये नवीन नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्ये झाली, तर २०१३ मध्ये भंडारा शहरापासून फार दूर नसलेले कोका अभयारण्य. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगावची जंगले एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच आणि सह्याद्री यांच्यानंतरचा हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प होय.

नकाशावर ही जंगले तुकड्यातुकड्यांनी दिसतात. मधल्या जागेत धानाची शेती, माजी मालगुजारी तलाव, बोड्या, झुडपी जंगल आणि गावे आहेत. साकोलीहून देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधून जातो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी पवनीच्या बाजूला पसरलेले आहे. वाघ यातून नाल्यानाल्याने आणि धुऱ्याधुऱ्याने एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातो. त्यामुळे एकाच अभयारण्यात बसून केलेली मोजणी इथे कायम अपुरी पडली. आज कोक्यात दिसलेला वाघ आणि गेल्या वर्षी नागझिऱ्यात दिसलेला वाघ एकच की दोन, हा इथला जुना पेच आहे.

मचाण आणि काच

कॅमेऱ्याआधीच्या काळात वाघाची गणना दोन प्रकारे होई. पहिला प्रकार पाणवठ्यावरच्या प्रगणनेचा. वैशाखात जंगलातले बहुतेक नाले आटतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळ्या प्राण्यांना यावेच लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदण्यात दिसतेही बरे. म्हणून त्या दिवशी पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर वन कर्मचारी आणि निसर्गप्रेमी चोवीस तास बसत आणि आलेला प्रत्येक प्राणी लिहून ठेवत. विदर्भात या प्रगणनेची मोठी हौसही होती. मात्र तिच्या आकड्यांना मर्यादा होत्या. तोच प्राणी संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आला, तर त्याची नोंद दोनदा होई. वाघ रात्रभर पाण्याकडे फिरकलाच नाही, तर तो कागदावर येतच नसे.

दुसरा प्रकार ठशांचा. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. वाटेवरच्या मऊ मातीत उमटलेला वाघाचा डाव्या मागच्या पायाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरून त्याची बाह्यरेषा आखायची, ती कागदावर उतरवायची आणि लांबी-रुंदीची मापे घ्यायची. कुठे ठशाचा प्लास्टर ऑफ पॅरिसमधला साचाही घेतला जाई. ठरावीक आठवड्यात सगळ्या बीटमधून हे कागद गोळा होत आणि अधिकारी ते शेजारी ठेवून कोणता ठसा कोणाचा हे ठरवत. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघांचा आकडा याच मार्गाने आला आणि त्यानंतर १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

ही पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकाला जंगल पायाखाली घालायला लावत होती, हा तिचा मोठा गुण. तिच्या मुळाशी असलेले गृहीतक मात्र कच्चे होते. एकाच वाघाचा ठसा धुळीत, चिखलात आणि वाळूत वेगवेगळ्या आकाराचा उमटतो. वाघ सावकाश चालला की ठसा एक, घाईत चालला की दुसरा. काच धरणारा हात बदलला की रेषाही बदलते. शेवटचा निवाडा नजरेवर होता आणि तो किती चुकू शकतो हे मोजण्याची सोय पद्धतीत नव्हती. याच काळात व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाने नागझिऱ्यात मुक्काम करून पुस्तक लिहिले. जंगलातल्या प्राण्यांविषयीची तपशीलवार नोंद त्या दिवसांत डोळा, कान आणि लेखणी यांच्याच भरवशावर होत असे.

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे २००५ मध्ये सिद्ध झाले. तिथल्या कागदांवर तोवर वाघ होते. या धक्क्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले, २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि ठशांवरून संख्या काढण्याची रीत मागे पडली. ठसे शोधणे थांबले नाही. वाघाच्या वावराची खूण म्हणून ते आजही नोंदले जातात. त्यांच्यावरून डोकी मोजणे तेवढे बंद झाले.

कॅमेरा जंगलात कसा आला

जंगली वाघाने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे, ही कल्पना भारतात जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वाटेवर तार ताणून तिला कॅमेरा जोडला. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडून चित्र निघे. १९६० च्या दशकात जॉर्ज शॅलर यांनी कान्हात काम करताना चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या खुणांवरून वाघ वेगवेगळे ओळखले. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची मांडणी निराळी असते आणि ती आयुष्यभर बदलत नाही. त्याच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही एकसारखे नसतात.

या गोष्टीचा मोजणीसाठी पद्धतशीर उपयोग उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे केला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथे स्वयंचलित कॅमेरे लावले आणि पट्ट्यांवरून ओळखलेल्या वाघांच्या नोंदींना संख्याशास्त्राची जोड दिली. तेव्हाचे कॅमेरे फिल्मचे होते. एका रोलमध्ये ३६ चित्रे. वाटेवरून गुरांचा कळप गेला तरी रोल संपे. रोल धुऊन येईपर्यंत आत काय आहे ते कळत नसे. २००६ च्या देशव्यापी अंदाजात कॅमेऱ्यांचा वापर अधिकृतपणे सुरू झाला. त्या फेरीत देशात १,४११ आणि महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज निघाला. पुढच्या फेऱ्यांमध्ये डिजिटल कॅमेरे आल्यावर चित्रांची टंचाई संपली. एका छोट्या मेमरी कार्डात हजारो चित्रे मावू लागली.

कॅमेरा ट्रॅपचा मुख्य भाग म्हणजे उष्णता ओळखणारा संवेदक. त्याच्या टप्प्यातून पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू हलत गेली की त्यावर पडणारी अवरक्त किरणे बदलतात आणि कॅमेरा चालू होतो. तो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त येणारी उष्णता टिपतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात यामुळेच अडचण येते. दुपारी जमीन आणि खडक प्राण्याच्या अंगाइतके किंवा त्याहून जास्त तापले की फरक पुसट होतो आणि संवेदक चुकतो. वाऱ्याने हललेले तापलेले गवतही कॅमेऱ्याला फसवते. सुदैवाने वाघाचे चालणे मुख्यतः संध्याकाळ ते पहाटेचे असते. रात्रीच्या चित्रासाठी दोन पर्याय होते. अवरक्त दिवे प्राण्याच्या नजरेत कमी येतात, पण चालत्या वाघाचे चित्र करडे आणि हललेले निघते. झेनॉन फ्लॅशचा प्रकाश क्षणभराचा आणि प्रखर असल्याने पट्ट्यांच्या कडा स्वच्छ उमटतात. ओळख पटवायची असेल तर दुसराच पर्याय बरा पडतो.

जोडीने लावलेले डोळे

नवेगाव-नागझिऱ्यात किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात कॅमेरे लावण्याचे काम साधारण हिवाळा सरता सरता सुरू होते आणि पावसाळ्याआधी संपवावे लागते. आधी वनरक्षक आणि वनमजूर वाटा, नाले आणि पाणवठे फिरून ठसे, विष्ठा आणि झाडांवरचे ओरखडे पाहतात. त्यावरून वाघाच्या येण्याजाण्याच्या जागा ठरतात. संपूर्ण क्षेत्रावर काही चौरस किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात योग्य जागी कॅमेऱ्यांची जोडी बसते. एक कॅमेरा वाटेच्या डाव्या हाताला, दुसरा उजव्या हाताला. दोन्ही कुशींची चित्रे एकाच वेळी मिळाली तरच डावी बाजू आणि उजवी बाजू एकाच वाघाच्या नावावर टाकता येते. कॅमेरे एकमेकांच्या नेमके समोर न ठेवता थोडे मागेपुढे ठेवतात, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या चित्रात येत नाही. उंची वाघाच्या कुशीच्या बेताची, गुडघ्याच्या आसपास असते.

जोडी बसली की तिचा क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरून पहिले चित्र काढले जाते. हे काम कंटाळवाणे वाटले तरी पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो. घड्याळ चुकीचे लागले तर दोन कॅमेऱ्यांच्या वेळा जुळत नाहीत आणि एकाच वाघाच्या दोन कुशी दोन वाघांच्या ठरू शकतात. पुढे महिना-दीड महिना कर्मचारी फेरी मारून बॅटरी आणि कार्ड बदलत राहतात. कॅमेरे चोरीला जातात, म्हणून ते लोखंडी चौकटीत कुलूपबंद करून झाडाला बांधतात. रानडुकराने घासून तोंड फिरवलेला किंवा अस्वलाने चावलेला कॅमेरा हाही नेहमीचाच अनुभव आहे.

पट्टे जुळवण्याची यंत्रणा

कार्डे गोळा झाली की चित्रांची छाननी सुरू होते. पहिले काम निवडीचे, म्हणजे वाघ असलेली चित्रे बाजूला काढणे. सुरुवातीला हे सर्व माणसे करीत. २०१८ च्या फेरीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३,४८,५८,६२३ चित्रे जमा झाली. त्यांपैकी वाघांची चित्रे ७६,६५१ होती आणि बिबट्यांची ५१,७७७. या सर्वेक्षणाची नोंद गिनेस बुकात झाली. साडेतीन कोटी चित्रांत पाऊण लाख वाघ हातांनी शोधणे शक्य नव्हते. म्हणून त्या फेरीत चित्रातील प्राण्याची जात ओळखणारी संगणक प्रणाली वापरली गेली. माणसांनी आधी नाव देऊन ठेवलेली हजारो चित्रे तिला दाखवली जातात आणि त्यांतून ती चितळ, सांबर, गवा, बिबट, वाघ यांतले फरक शिकते.

दुसरे काम वैयक्तिक ओळखीचे. त्यासाठी लेक्स हायबी यांनी तयार केलेली संगणक प्रणाली भारतात रुळली. तिच्यापुढची अडचण सरळ होती. वाघाचे अंग गोलाकार असते आणि तो दर वेळी कॅमेऱ्यासमोरून वेगळ्या कोनात जातो. त्यामुळे दोन चित्रांतले पट्टे थेट एकमेकांवर ठेवून तपासता येत नाहीत. प्रणालीत वाघाच्या देहाचा त्रिमितीय साचा साठवलेला असतो. काम करणारा माणूस चित्रावर खांदा, पुठ्ठा, शेपटीचे मूळ, पोटाची कड अशा जागा दाखवतो. संगणक साचा त्या कोनात वळवून चित्रावर बसवतो आणि गोल पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर उतरवावा तसा कुशीचा पृष्ठभाग सपाट करतो. मग हा सपाट नमुना साठ्यातील इतर नमुन्यांशी ताडला जातो आणि प्रत्येकाशी किती साम्य आहे त्याचे गुण निघतात. सर्वाधिक गुणांची चित्रे माणसासमोर येतात. अंतिम होकार माणसाचाच असतो. दोन-तीन ठळक खुणा, जसे दुभंगलेला पट्टा किंवा बंद वर्तुळ, दोन्ही चित्रांत सापडल्याशिवाय जुळणी मान्य होत नाही.

याचा एक परिणाम सुरक्षेच्या दृष्टीने मोलाचा ठरला. हायबी, कारंत आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, जिवंत वाघाच्या चित्राशी जप्त केलेले कातडेही अशाच रीतीने जुळवता येते. शिकाऱ्याकडे सापडलेले कातडे कोणत्या जंगलातल्या वाघाचे, हे त्यामुळे सांगता येऊ लागले. देशभरातील ओळख पटलेल्या वाघांच्या चित्रांचा राष्ट्रीय साठा भारतीय वन्यजीव संस्थेत ठेवला जातो, त्याचा हाही एक उपयोग आहे.

चित्रांतून संख्या

कॅमेऱ्यात आलेले वाघ मोजणे म्हणजे जंगलातले वाघ मोजणे नव्हे. काही वाघ कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत. न आलेल्यांचा अंदाज काढण्याची युक्ती पुन्हा दिसण्यावर अवलंबून आहे. कल्पनेपुरते असे धरले की, पहिल्या पंधरवड्यात ६ वेगवेगळे वाघ टिपले गेले आणि दुसऱ्या पंधरवड्यात ८ आणि या ८ पैकी ४ आधीच्याच सहांतले निघाले. याचा अर्थ पहिल्या सहा वाघांपैकी चार दुसऱ्या वेळी सापडले, म्हणजे कॅमेऱ्यांना दोन-तृतीयांश वाघ सापडतात. ८ ही संख्या एकूण वाघांच्या दोन-तृतीयांश असेल, तर जंगलात १२ वाघ असावेत. प्रत्यक्षात वापरले जाणारे गणित याहून पुढचे आहे. कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यावर आला, दोन कॅमेऱ्यांत अंतर किती आणि त्याचा वावर कुठवर असावा, हे सगळे त्यात धरले जाते. पण पाया तोच आहे आणि तो ओळखीशिवाय उभा राहत नाही. एका वाघाला चुकून दोन नावे मिळाली, तर पुन्हा दिसण्याचे प्रमाण घटते आणि संख्या फुगते.

याच कारणाने कॅमेऱ्याची शक्ती जातीगणिक बदलते. वाघाला पट्टे आणि बिबट्याला ठिपके असल्याने दोघांनाही एकेकटे ओळखता येते. नागझिरा ज्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे त्या रानकुत्र्यांच्या अंगावर अशी मांडणी नसते. त्यांचा वावर कुठे आहे हे चित्रे सांगतात, पण तीच टोळी पुन्हा आली की दुसरी, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. सांबर, रानगवे आणि अस्वले यांच्याबाबतही तसेच आहे.

२०२२ च्या फेरीत देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज आला आणि महाराष्ट्रात ४४४. दर चार वर्षांच्या या फेऱ्यांखेरीज व्याघ्र प्रकल्पांत दरवर्षीही कॅमेरे लागतात. त्यामुळे एखाद्या वाघिणीची पिल्ले मोठी होऊन कुठे गेली, याचा माग वर्षानुवर्षे ठेवता येतो.

जयची गोष्ट

वाघाच्या वैयक्तिक ओळखीने भंडाऱ्याच्या जंगलाला जे सर्वांत गाजलेले नाव दिले ते 'जय'. तो नागझिऱ्यात वाढला. 'शोले' चित्रपटावरून त्याला आणि त्याच्या भावाला जय आणि वीरू अशी नावे मिळाली होती. २०१३ मध्ये तो नागझिरा सोडून शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला. वाटेत शेते, रस्ते, गावे आणि नदी लागते. त्याच्या पट्ट्यांची जुनी छायाचित्रे उपलब्ध नसती, तर कऱ्हांडल्यात एक नवा धिप्पाड नर आला एवढीच नोंद झाली असती. चित्रे जुळल्यामुळे दोन जंगलांमधला जाण्या-येण्याचा मार्ग अजून जिवंत आहे, हे एका वाघाच्या पुराव्याने सिद्ध झाले. नव्याने घोषित झालेल्या अभयारण्याकडे पर्यटकांची रीघही त्याच्यामुळेच लागली.

सप्टेंबर २०१५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकाने जयला रेडिओ कॉलर घातली. ती बंद पडल्यावर मार्च २०१६ मध्ये दुसरी घातली गेली. १८ एप्रिल २०१६ नंतर तिचेही संकेत थांबले. मोठी शोधमोहीम निघाली, कॅमेरे लागले, आसपासच्या जंगलांतून आलेली चित्रे त्याच्या पट्ट्यांशी ताडली गेली. खात्रीची जुळणी झाली नाही. पुढच्या वर्षी जयचा बछडा श्रीनिवास चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात शेताभोवतीच्या वीज सोडलेल्या तारेने मरण पावल्याचे उघड झाले. त्याच्याही गळ्यात कॉलर होती.

कॅमेरा आणि कॉलर ही दोन साधने एकमेकांची जागा घेत नाहीत, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. कॅमेरा शेकडो वाघांना हात न लावता ओळखतो, पण फक्त त्याच्यासमोर आलेल्या क्षणापुरता. कॉलर एकाच वाघाची जागा दर काही तासांनी कळवते, पण ती घालण्यासाठी वाघाला बेशुद्ध करावे लागते आणि यंत्र बंद पडले की सगळेच थांबते. आता बाहेरून आणलेल्या वाघांसाठी दोन्ही साधने मिळून वापरली जातात. नागझिऱ्यात नरांच्या मानाने वाघिणी कमी होत्या, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या एनटी-१ आणि एनटी-२ या दोन वाघिणी मे २०२३ मध्ये तिथे सोडल्या गेल्या. त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेल्या कॉलर होत्या आणि जंगलात कॅमेरे.

गावांची सुरक्षा

ओळखीची निकड सर्वाधिक जाणवते ती वाघाने माणूस मारल्यावर. २०२२ च्या सुमारास गडचिरोलीतील वडसा, चंद्रपूरमधील ब्रह्मपुरी आणि भंडाऱ्यातील लाखांदूरच्या पट्ट्यात तेरा माणसे एका वाघाच्या हल्ल्यात मेली. त्यांपैकी चार भंडारा जिल्ह्यातली होती. तीन जिल्ह्यांत पसरलेल्या घटनांमागे एकच वाघ आहे का, आणि असेल तर कोणता, हे ठरल्याशिवाय जेरबंद करण्याचा आदेश अर्थहीन ठरतो, कारण चुकीचा वाघ पकडला तर हल्ले थांबत नाहीत. कॅमेऱ्यांतील चित्रांवरून सीटी-१ या नराची ओळख निश्चित झाली आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा भागात त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले.

रस्त्यांच्या बाबतीतही चित्रांचा पुरावा उपयोगी ठरला आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले, तेव्हा प्राणी त्यांतून जातील का, याबद्दल शंका होती. २०१९ मध्ये तिथे बसवलेल्या कॅमेऱ्यांनी अठरा जातींच्या प्राण्यांची ५,४५० चित्रे टिपली. त्यांत ११ वेगवेगळ्या वाघांनी ८९ वेळा ये-जा केल्याचे दिसले. नागझिरा-नवेगाव मार्गाला छेदणाऱ्या महामार्गाबद्दलचा युक्तिवादही आता अशाच मोजमापाच्या भाषेत होऊ शकतो.

चित्र पोहोचवण्याचा प्रश्न

वर्षानुवर्षे कॅमेरा ट्रॅपची चित्रे माणसाच्या खिशातून प्रवास करीत होती. कार्ड काढा, वनपरिक्षेत्र कार्यालयात आणा, संगणकात उतरवा. गणनेला हे चालते. गावाच्या वेशीवर आलेल्या वाघाची खबर देण्याला मात्र चालत नाही, कारण कार्ड हाती येईपर्यंत वाघ निघून गेलेला असतो.

मोबाइल जाळ्यावरून चित्र पाठवायचे तर ते लहान करावे लागते. १९९२ च्या जेपीईजी मानकाची रीत यासाठी सर्वत्र वापरली जाते. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोनातील ढोबळ छटा आणि बारीक तपशील गणिताने वेगळे केले जातात आणि डोळ्याला सहज न जाणवणारा बारीक तपशील टाकून दिला जातो. फाइल कितीतरी पट लहान होते. पण जास्त दाबले की कडा फाटतात आणि पट्ट्यांची ओळख तर कडांवरच असते. म्हणून दोन कामांसाठी दोन चित्रे लागतात. 'इथे वाघ आहे' हे कळवायला लहान, दाबलेले चित्र पुरते, तर 'हा अमुक वाघ आहे' हे ठरवायला कार्डावरचे मूळ चित्रच बघावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे निवड कॅमेऱ्यातच करणे. ट्रेलगार्ड नावाच्या कॅमेऱ्यात प्राणी ओळखणारी चिप आतच बसवलेली असते. हललेले गवत आणि गुरे यांची चित्रे तो पाठवतच नाही. वाघ किंवा माणूस दिसला तरच चित्र निघते आणि मिनिटाच्या आत वनाधिकाऱ्याच्या फोनवर येते. या कॅमेऱ्याची चाचणी भंडाऱ्याच्या उत्तरेकडील कान्हा-पेंच पट्ट्यात झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ गावाभोवती प्राणी ओळखून इशारा देणारी कॅमेऱ्यांची फळी उभारली गेली. या दोन्हींची मर्यादा एकच आहे. चित्र पोहोचायला मोबाइलचे जाळे लागते आणि दाट जंगलाच्या पोटात ते सर्वत्र मिळत नाही.

कॅमेऱ्यासमोरची माणसे

जंगलवाटा केवळ वाघांच्या नसतात. चैत्रात मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला भंडारा-गोंदियातील हजारो माणसे पहाटे जंगलात जातात. याच दिवसांत कॅमेरेही लागलेले असतात आणि टिपल्या जाणाऱ्या चित्रांत माणसांची चित्रे मोठ्या संख्येने असतात. कॉर्बेट परिसरात त्रिशांत सिमलाई यांनी केलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, कॅमेरे आणि ड्रोन यांमुळे जंगलात जाणाऱ्या स्त्रियांचे मोकळे बोलणे-गाणे कमी झाले आणि एका स्त्रीचे खासगी छायाचित्र गावात पसरवले गेले. शिकाऱ्याला पकडण्यासाठी जपून ठेवलेले चित्र आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईचे चित्र एकाच कार्डात असते. म्हणून माणसांची चित्रे कोणी पाहावी आणि केव्हा पुसावी, याचे नियम या तंत्राइतकेच महत्त्वाचे आहेत.

चित्रांचा प्रवाह पर्यटकांकडूनही वाहतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. वाघाला त्रास देणारी गर्दी मोबाइलच्या चित्रांसाठीच जमली होती आणि तिच्याविरुद्धचा पुरावाही मोबाइलनेच दिला.

सध्याची रचना या सगळ्या टप्प्यांची मिळून बनलेली आहे. ठसे पाहून कॅमेऱ्याची जागा ठरते, कॅमेरा चित्र काढतो, संगणक चित्रे निवडतो आणि पट्टे ताडतो, माणूस जुळणीवर शिक्कामोर्तब करतो आणि संख्याशास्त्र त्यातून आकडा काढते. यांपैकी शेवटचे टप्पे वेगाने यंत्रांकडे जात आहेत. पहिला टप्पा, म्हणजे वाघ कोणत्या वाटेने जातो हे ओळखणे, अजूनही बीटवरच्या वनरक्षकाच्या आणि वनमजुराच्या पायांवर चालतो. जागा चुकली तर वाघ कॅमेऱ्यासमोर येत नाही आणि न आलेले चित्र कोणत्याही प्रणालीला वाचता येत नाही.